म्हातारपणीचे पडणे : दैवाकडून हिशेबाकडे

इतिहासाच्या पुस्तकांतील पडण्याच्या दोन हकिकती आपल्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत. १५५६ च्या जानेवारीत दिल्लीच्या पुराण्या किल्ल्यातील शेरमंडलाच्या जिन्यावरून हुमायून बादशहा पडला आणि दोन-तीन दिवसांत वारला. १७९५ च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव पेशवे शनिवारवाड्याच्या माडीवरून खालच्या कारंज्यावर पडले आणि तेही लवकरच गेले. तो अपघात की आत्मघात, यावर इतिहासकारांचा वाद अजून मिटलेला नाही. एका पडण्याने अकबर तेराव्या वर्षी तख्तावर आला, दुसऱ्याने पेशवाईच्या अखेरच्या अंकाला आरंभ झाला. म्हणून दोहोंची नोंद झाली.

पण हुमायून तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होता आणि सवाई माधवराव अवघे एकवीस वर्षांचे. ज्या वयात माणसे खरोखर पडतात, त्या वयातल्या माणसांच्या पडण्याची बखर कोणी लिहिली नाही. परसात पाय घसरून पडलेली आजी, पहाटे उंबरठ्याला अडखळलेले आजोबा, खुबा मोडून अंथरुणाला खिळलेली आत्या अशी माणसे प्रत्येक घराण्यात होऊन गेली. त्यांची आठवण एका वाक्यात संपते : “पडल्याचे निमित्त झाले आणि गेली.” निमित्त हा शब्द आपण किती सहज वापरतो! जे व्हायचे ते ठरलेलेच होते, पडणे हे केवळ द्वार, असा त्याचा अर्थ. आजच्या विवेचनात आम्हांला या ‘निमित्ता’चाच इतिहास सांगावयाचा आहे. दैव म्हणून मानलेली गोष्ट माणसाने मोजावयास घेतली, तेव्हा तिचे काय झाले, आणि ती मोजणी आपल्या गावाकडच्या घरापर्यंत का पोहोचली नाही, एवढाच आमचा विषय आहे.

आरंभ आपल्याच घरापासून करू. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडांवर दोन स्वतंत्र प्रकरणे आहेत, एक निदानाचे आणि एक चिकित्सेचे. सांधा निखळणे आणि हाड मोडणे यांत सुश्रुत भेद करतो, हाड मोडण्याचे बारा प्रकार सांगतो. मांडी-पोटरीचे हाड मोडलेल्या रोग्याला फळीच्या शय्येवर निजवून पाच खुंट्यांनी पाय स्थिर करावा, असे तो सांगतो. या शय्येला त्याने कपाटशयन हे नाव दिले आहे. वयाचा विचारही त्याच्या नजरेतून सुटलेला नाही. तारुण्यात जो सांधा एका महिन्यात स्थिर होतो, त्याला मध्यम वयात दुप्पट आणि उतारवयात तिप्पट काळ लागतो, असे त्याचे गणित आहे. दोन हजार वर्षांच्या आसपासच्या या ग्रंथातील हे निरीक्षण कोणालाही कौतुकास्पद वाटेल. तरीही एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. सुश्रुताचे शास्त्र हाड मोडल्यानंतर सुरू होते. म्हातारा पडला का, हा प्रश्न तेथे अभ्यासाचा विषय होत नाही.

यात सुश्रुताला उणे म्हणण्याचे कारण नाही. युरोपातही पुढे शतकानुशतके हेच चालले होते. लंडनचा नामवंत शल्यवैद्य सर ॲस्टली कूपर याने १८२२ साली हाडे मोडण्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. मांडीच्या हाडाची मान मोडण्याचा प्रकार म्हाताऱ्या माणसांत, विशेषतः वृद्ध स्त्रियांत होतो, आणि त्याला फार मोठा आघात लागत नाही, हे त्याने नेमके टिपले. लंडनच्या रस्त्यावर पदपथाच्या कडेवरून पाऊल घसरले, एवढेही पुरे होई. कूपरची दुसरी सूचना त्याहून महत्त्वाची होती. असल्या रोग्याला महिनोन् महिने निजवून ठेवू नये, वेदना ओसरल्या की दोन-तीन आठवड्यांत उठवून बसवावे आणि कुबड्यांवर चालू द्यावे, असे त्याचे मत होते. हाड जुळणार नसले तरी माणूस वाचला पाहिजे, हा त्यामागचा हिशेब. पुढे १९२५ साली बोस्टनमध्ये स्मिथ-पीटरसन यांनी तीन पाती असलेला खिळा ठोकून हे हाड सांधण्याची रीत आणली. १९६२ मध्ये इंग्लंडात जॉन चार्नली यांनी कृत्रिम खुब्याची शस्त्रक्रिया यशस्वी करून दाखविली. आज जिल्ह्याच्या गावी असली शस्त्रक्रिया होते आणि चार दिवसांत म्हातारा उभा राहतो. ही प्रगती लहान नव्हे. मात्र हे सारे पडल्यानंतरचे शास्त्र झाले.

पडण्याआधीच्या शास्त्राचा उगम एका अनपेक्षित जागी आहे. १९३५ साली लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे शेजारच्या जुन्या दरिद्रालयाचे आजारी विभाग सोपविण्यात आले. तेथे शेकडो म्हातारी माणसे वर्षानुवर्षे खाटेवर पडून होती. ती असाध्य आहेत असे सर्वांनी धरून चालले होते. डॉ. मार्जोरी वॉरन यांनी त्यांना एकेक करून तपासले. त्यांना दिसले की यांतील पुष्कळ माणसे रोगाने खिळलेली नसून खाटेने खिळलेली आहेत. त्यांनी भिंतींना रंग दिला, कठडे लावले, माणसांना उठविले, चालविले, आणि कित्येक जण आपल्या घरी गेले. १९४७ साली रिचर्ड ॲशर या दुसऱ्या डॉक्टरांनी अंथरुणात पडून राहण्याचे धोके सांगणारा एक लेख लिहिला, तो आजही वाचला जातो. ‘विश्रांती घ्या’ हा सल्ला म्हाताऱ्यांच्या बाबतीत कधी कधी घातक असतो, ही जाण अशी हळूहळू रुजली.

मग एक माणूस रुग्णालयातून बाहेर पडून घरोघर गेला. इंग्लंडातील वुल्व्हरहॅम्प्टन शहरातले डॉ. जोसेफ शेल्डन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस एक साधी युक्ती केली. त्या वेळी सर्वांना शिधापत्रिका होत्या. त्यांच्या यादीतून म्हातारी माणसे निवडून शेल्डन त्यांच्या घरी जाऊन बसले. रुग्णालयात भेटतो तो आजारी म्हातारा, खरा म्हातारा घरी भेटतो, हे त्यांनी ओळखले होते. १९४८ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. नंतर १९६० साली त्यांनी केवळ पडण्यावर निबंध लिहिला. २०२ माणसे आणि त्यांची ५०० पडणी! प्रत्येक पडण्याची हकिकत त्यांनी विचारून घेतली : कोठे, केव्हा, काय करताना, पायाखाली काय होते. कोणी ठेचाळले होते. कोणी जिना संपला असे समजून शेवटच्या पायरीवर शून्यात पाऊल टाकले होते. सुमारे एक चतुर्थांश पडण्यांत शुद्ध न हरपताच पायांतले बळ एकाएकी गेले होते. पुढे त्यांनी माणूस स्वस्थ उभा असताना किती झुलतो, तेही मोजले. लहान मूल झुलते, तरुण स्थिर असतो, म्हातारा पुन्हा झुलू लागतो. म्हातारपण म्हणजे दुसरे बालपण, ही आपली म्हण शेल्डन यांच्या यंत्राने अशी रेघेने काढून दाखविली.

शेल्डन यांच्या निबंधाने दैवाच्या राज्याला पहिला तडा गेला, असे आम्ही समजतो. कारण मोजलेल्या गोष्टीला प्रकार असतात, प्रकारांना कारणे असतात आणि कारणांपैकी काही हाताळता येतात.

१९८१ साली बर्मिंगहॅमच्या डॉ. बर्नार्ड आयझॅक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच्या पुढचा प्रश्न केला. घरात पडलेल्या १२५ वृद्धांचा त्यांनी पाठपुरावा केला आणि त्यांच्या तोडीच्या, पण न पडलेल्या १२५ जणांशी तुलना केली. पडलेल्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश माणसे वर्षाच्या आत मरण पावली. यांतील बहुतेकांना पडण्याने मोठी इजा झालेली नव्हती. म्हणजे पडणे हे बहुधा मृत्यूचे कारण नसून आत चाललेल्या दुखण्याची पहिली वर्दी होती. ताप आला की आपण वैद्याला बोलावतो, पण म्हातारा पडला की हळद लावतो आणि विसरतो. या अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली : तासाहून अधिक वेळ जमिनीवर तसेच पडून राहिलेल्या माणसांचा शेवट फार वाईट झाला. पडल्यावर उठता न येणे आणि हाकेला ओ देणारे कोणी जवळ नसणे, हा वेगळाच धोका आहे.

येथे आम्ही आमच्या घरची एक गोष्ट सांगतो. आमची आजी गावी वाड्यात एकटी राहत असे. मुले नोकरीनिमित्त पांगलेली. एका श्रावणात पहाटे ती परसात गेली आणि न्हाणीजवळच्या शेवाळलेल्या दगडावर घसरली. दूध घालणारा गडी उन्हे वर आल्यावर आला, तोवर ती भिजल्या अंगाने तेथेच पडून होती. खुबा मोडला होता. तालुक्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत संध्याकाळ झाली. पुढे तीन महिन्यांनी ती गेली, आणि आम्हीही “निमित्त झाले” असेच म्हटले. तेराव्याला जमलेल्या शेजारणींकडून कळले की त्या वर्षात ती याआधी दोनदा पडली होती. एकदा ओसरीच्या पायरीवर, एकदा रात्री माजघरात. तिने शेजारणींना शपथ घातली होती, की मुलांना कळवू नका, नाहीतर ती मला इथून उचलून नेतील. आपले घर सुटू नये म्हणून तिने आपले पडणे लपविले, आणि लपविल्यामुळेच घर सुटले. या गोष्टीत दोष कोणाचा, याचा आम्ही पुष्कळ विचार केला आहे. तिचा तर खासच नाही. तिला विचारणारे कोणी नव्हते, आणि विचारले असते तर तिला सांगण्याचे भय वाटू नये, असे काही आम्ही केले नव्हते.

हे लपविणे फक्त आमच्या आजीचे नव्हे. आयझॅक्स यांनी १९८२ साली सहकाऱ्यासह लिहिले, की पडून उठलेली कित्येक म्हातारी माणसे नंतर भीतीनेच पाऊल टाकीत नाहीत, भिंत आणि माणसे धरून राहतात. भीतीने हालचाल कमी होते, पाय दुबळे होतात आणि पुन्हा पडण्याची वेळ लवकर येते.

आता मोजणीचा तिसरा टप्पा. अमेरिकेत येल विद्यापीठातील डॉ. मेरी टिनेटी यांनी १९८८ साली न्यू हेवन येथील, घरी राहणाऱ्या ७५ वर्षांवरील ३३६ माणसांचा वर्षभराचा हिशेब मांडला. जवळजवळ एक तृतीयांश माणसे त्या वर्षात निदान एकदा पडली. टिनेटी यांनी धोक्याची चिन्हे एकेक वेगळी काढली : झोपेच्या गोळ्या, पायांचे दुबळेपण, चालीतला व तोलातला दोष, पावलांची दुखणी, बुद्धीची मंदता इत्यादी. एकही चिन्ह नसलेल्यांत शंभरातली आठ माणसे पडली, चार किंवा अधिक चिन्हे असलेल्यांत अठ्ठ्याहत्तर. म्हणजे पडणे एका कारणाने होत नाही, कारणांची बेरीज होत जाते. बेरीज होते, तर वजाबाकीही झाली पाहिजे. १९९४ साली त्यांनी ती करून पाहिली. ३०१ माणसांपैकी निम्म्यांची औषधे तपासली, पायांना व्यायाम दिला, घरातले अडथळे काढले. वर्षभरात या गटातील ३५ टक्के माणसे पडली, दुसऱ्या गटातील ४७ टक्के. फरक भला मोठा नाही, परंतु ज्याला सारे जग दैव म्हणत होते, त्यात हा फरक पडला होता.

शहरातले प्रयोग गावी चालतील काय, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला मिळते. डनीडन शहराजवळ मॉसगील नावाचे, एकेकाळी लोकरीच्या गिरणीसाठी ओळखले जाणारे छोटे गाव आहे. तेथील ७० वर्षांवरील ७६१ स्त्री-पुरुषांच्या पडण्याची नोंद डॉ. जॉन कॅम्बेल यांच्या गटाने ठेवली. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या शंभर माणसांमागे वर्षाला ४७ पडणी, ऐंशीच्या पुढे १२१. बायका आणि पुरुष सारखेच पडत होते, पण पुरुष घराबाहेर, कामात असताना अधिक पडत होते. ज्याने खेड्यात म्हाताऱ्याला गोठ्यात, बांधावर, विहिरीच्या काठावर वावरताना पाहिले आहे, त्याला यात नवल वाटणार नाही. याच गटाने पुढे पायांच्या बळाचे आणि तोलाचे सोपे व्यायाम बसविले. घोट्याला थोडे वजन बांधून पाय उचलणे, टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत चालणे, खुर्चीतून हात न टेकता उठणे, असले हे व्यायाम आहेत. १९९७ साली ऐंशीच्या वरच्या २३३ स्त्रियांवर ते करून पाहिले तेव्हा वर्षभरात व्यायाम करणाऱ्यांची ८८ पडणी झाली, न करणाऱ्यांची १५२. नंतर हेच काम साध्या दवाखान्यांतील परिचारिकांना शिकवून त्यांच्याकरवी केले, तरीही पडणी सुमारे तीस टक्क्यांनी घटली. यासाठी मोठा डॉक्टर लागला नाही, यंत्र लागले नाही. शिकविलेली एक बाई घरी आली, एवढेच.

आमच्या दृष्टीने आणखी एक इंग्रजी प्रयोग महत्त्वाचा आहे. नॉटिंगहॅम येथे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सत्तरीच्या वरच्या ३०६ स्त्रियांपैकी काहींची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लवकर केली, बाकीच्यांना नेहमीप्रमाणे थांबावयास लागले. लवकर केलेल्यांचे पडणे ३४ टक्क्यांनी कमी झाले. आपल्या खेड्यांत मोतीबिंदूची शिबिरे कित्येक दशके होत आली आहेत. भारत सरकारचा अंधत्व निवारणाचा कार्यक्रम १९७६ पासूनचा आहे. आपण त्यांच्याकडे दृष्टिदान म्हणून पाहिले. त्या शिबिरांनी न कळत किती खुबे वाचविले असतील, याचा विचार आपल्या मनात कधी आला नाही.

आता गावाकडच्या घरात येऊ. या घराचाही इतिहास आहे. देशावरच्या वाड्याचा उंचच उंच उंबरठा, माडीचा अंधारा अरुंद जिना आणि त्याला धरायला लोंबणारा दोर, कोकणात जांभ्याच्या पायऱ्या आणि चार महिन्यांचे शेवाळ. हे सारे चपळ पायांसाठी बांधलेले होते. शेणाने सारवलेली जमीन पायाला धरून ठेवी. तिची जागा आधी शहाबादी फरशीने आणि मग गुळगुळीत लादीने घेतली. लादी स्वच्छ खरी, पण तीवर पाणी सांडले की म्हाताऱ्या पायाला आधार उरत नाही. २०१४ नंतर गावोगाव शौचालये झाली. अंधारात टमरेल घेऊन बांधावर जाणे संपले, हा मोठाच लाभ. पण उकिडवे बसलेल्या ऐंशीच्या माणसाने उठताना धरावे असे तेथे काही नाही. भिंतीतला एक लोखंडी गज एवढेच पाहिजे, आणि तोच राहून गेला.

घरापेक्षा घरातली माणसे अधिक बदलली, असे कोणी म्हणेल. तेही अर्धेच खरे. कोकणातील तरुण एकोणिसाव्या शतकापासून मुंबईच्या गिरण्यांत जात होते, आणि घरी म्हातारी माणसे मनीऑर्डरची वाट पाहत होती. रिकामे घर आजचे नव्हे. मात्र पूर्वी एका घरात पाच-सात माणसे मागे राहत, आता एक किंवा दोन राहतात. २०११ च्या जनगणनेत साठीच्या वरची १० कोटी ३८ लाख माणसे भारतात होती, त्यांतली सुमारे ७ कोटी ३० लाख खेड्यांत. जगात पडण्याने दर वर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज २०२१ साली होता. अपघाती इजांच्या मृत्यूंत रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल हाच क्रमांक लागतो. रस्त्यावरच्या अपघाताचा पंचनामा होतो. न्हाणीतल्या अपघाताचा होत नाही.

परक्या देशांचे आकडे आपल्या घराला जसेच्या तसे लागू करू नयेत, हे आम्हांला मान्य आहे. तेथे पायांत बूट असतात आणि जमिनीवर गालिचे. आपल्याकडे अनवाणी पाय आणि जमिनीवरची बैठक. मांडी घालून बसणे-उठणे ज्यांना साधते त्यांचे पाय त्यानेच बळकट राहत असतील, असा आमचा तर्क आहे, पण तर्काला मोजणीची जोड पाहिजे. दोनशे वर्षांच्या या इतिहासातून आम्ही एकच गोष्ट उचलतो. जेथे कोणी घरी जाऊन विचारले तेथे पडणे कमी झाले, आणि जेथे विचारले नाही तेथे ते दैव राहिले. २००५ पासून आपल्या खेड्यांत आशा कार्यकर्ती घरोघर जाते. बाळाचे वजन ती विचारते. “आजी, गेल्या वर्षात कितीदा पडलात?” हा प्रश्न तिच्या वहीत आला, तर शेल्डन यांचे काम आपल्याकडे सुरू झाले, असे म्हणता येईल.

तोवर ते काम आपणच करावयाचे आहे. ही व्याख्यानमाला संपली की सुट्या लागतील, आणि आपल्यापैकी अनेक जण गावी जातील. आंबे खाऊन परत येण्याआधी एक संध्याकाळ यासाठी ठेवावी. परसातला दगड घासावा, न्हाणीत गज बसवावा, जिन्याला दिवा आणि दोन्ही बाजूंना आधार द्यावा, रात्री उठताना हाताशी येईल अशी बॅटरी उशाशी ठेवावी, गोळ्यांची पुडी डॉक्टरांना एकदा दाखवावी, डोळे तपासून घ्यावेत. सकाळी कोणी तरी हाक मारून जाईल, अशी शेजाऱ्यांशी बोली करावी. आणि हे सर्व करण्याआधी जवळ बसून तो प्रश्न विचारावा. विचारण्यापूर्वी एक वचन मात्र द्यावे : “सांगितलेस म्हणून तुला इथून हलविणार नाही.” हे वचन आम्ही आमच्या आजीला दिले नाही. ते दिले असते तर कदाचित ती बोलली असती.